‘अकरा महिने झाले, शेअर अजून बाबांच्याच नावावर’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

मयताचे शेअर आणि फंड वारसांच्या नावावर करून द्यायचं काम आम्ही करतो, तुमच्या बाबांचं काम आमच्याकडे आहे. तुम्ही एक तारा दिलात, तो वाचला. नॉमिनी असूनही कोर्टात पाठवलं, आजीच्या सहीसाठी अडवून धरलं, ट्रस्टचे शेअर यादीतून काढून टाकले, यादी चुकवून दोन महिने घालवले, आणि फी मात्र आधी घेतली, असं तुमचं म्हणणं आहे. यादीची चूक आमचीच. फीबद्दलचं म्हणणं अर्धं खरं. बाकीच्यांचं उत्तर देतो. तुमच्या घरची नावं, कंपन्या आणि रकमा इथे लिहीत नाही, हे सगळं गाव वाचतं.

तुम्ही नॉमिनी होता ते म्युच्युअल फंडात, आणि त्यांना कोर्ट लागलं नाही. टी-३ फॉर्म, मृत्यूदाखला, तुमचं पॅन, केवायसी आणि नाव छापलेला रद्द चेक एवढ्यावर ती युनिटं तुमच्या नावावर आली. कोर्ट लागलं ते कपाटातल्या कागदी सर्टिफिकेटांना. त्यांवर नॉमिनी नव्हतंच. शेअरला नॉमिनी लावायची सोय कायद्यात आली १९९९ साली, तुमची सर्टिफिकेटं त्याआधीची.

नॉमिनी नसेल तर सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमाने कागदी शेअर एका कंपनीत ५ लाखांपर्यंत आणि डीमॅटमधले (इलेक्ट्रॉनिक) एका खात्यात १५ लाखांपर्यंत असतील, तर सगळ्या वारसांचं अॅफिडेव्हिट, ना-हरकत आणि इंडेम्निटी बाँड (नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी) यांवर भागतं. किंमत धरतात ती अर्जाच्या दिवशीच्या बाजारभावाने, बाबांनी घेतली त्या भावाने नव्हे. त्यामुळे ‘थोडेच आहेत’ म्हणून आणलेले जुने शेअर सहज मर्यादेबाहेर जातात. मर्यादेबाहेर गेले तरी कोर्ट हाच एक रस्ता नाही. नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसुली दाखले देणारं कार्यालय) तहसीलदारांचा वारस दाखला, इंडेम्निटी बाँड आणि हक्क न सांगणाऱ्या प्रत्येक वारसाची ना-हरकत मिळाली तरी काम होतं. यातली एखादी ना-हरकत जरी मिळाली नाही, तर मात्र सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे कोर्टाचा वारसा दाखला घ्यावा लागतो. तुमच्या बाबतीत कुठे अडलं ते तुम्हाला माहीत आहे, त्याबद्दल इथे एवढंच.

कोर्ट बेळगावचंच का, मुंबईचं का नाही, असंही विचारलंय. कंपनीचं ऑफिस कुठे आहे याचा संबंध नाही. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे माणूस मृत्यूसमयी जिथे राहत होता तिथल्या कोर्टात अर्ज होतो, आणि तिथलं सर्टिफिकेट देशभर चालतं.

आता आजी. हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगे, मुली यांच्या बरोबरीने मयताची आईही येते. आपल्याकडे वंशावळ लिहून आणताना नव्वदीतली आई हमखास राहते, लग्न होऊन कोल्हापूर-गडहिंग्लजला गेलेल्या मुलीही राहतात. आजींची सही आधी घ्या म्हणून आम्ही तगादा लावला, त्याचं कारण सांगायला हवं होतं. काम चालू असताना आजी गेल्या, तर त्यांचा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो, म्हणजे काका आणि आत्याही त्यात येतात. मग चार सह्यांचं काम नऊ सह्यांवर जातं.

सही महाराष्ट्रात होणार असेल तर मुद्रांकही तिथलाच लागतो. तिथे ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा ५०० झालाय. जुन्या दराच्या कागदावर केलेलं अॅफिडेव्हिट परत येतं.

नावातल्या अक्षरावरूनही कागद परत आले, तो आमचा किरकिरेपणा नव्हे. जुन्या सर्टिफिकेटवर मराठी वळणाने आडनावात डब्ल्यू, कन्नडवरून इंग्रजीत उतरवलेल्या दाखल्यावर व्ही. लक्ष्मणचा ‘क्ष’ एकीकडे एक्सने, दुसरीकडे के-एस-एचने. कंपनीच्या शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारच्या लेखी ही दोन माणसं असतात. त्यासाठी पॅनची प्रत आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अॅफिडेव्हिट लागतं. फक्त कन्नडमध्ये असलेल्या दाखल्याचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतरही जोडावं लागतं. बेळगावचं बेळगावी झालं म्हणून मात्र आजवर काही अडलेलं नाही.

ट्रस्टचे शेअर आम्ही काढले, आणि ते बरोबरच केलं. त्या फोलिओत (कंपनीकडच्या शेअरखात्यात) बाबांचं नाव मालक म्हणून नाही, कुटुंबाच्या खाजगी ट्रस्टचे विश्वस्त म्हणून आहे. ती त्यांची मिळकत नाही, म्हणून ती सक्सेशनच्या यादीत घालता येत नाही. १८८२ च्या ट्रस्ट कायद्याप्रमाणे एक विश्वस्त गेला की मालमत्ता उरलेल्या विश्वस्तांकडे राहते. त्यासाठी मूळ ट्रस्ट डीड आणि मृत्यूदाखला लागतो. डीडमध्ये किमान दोन विश्वस्तांची अट असेल तर नवीन विश्वस्ताच्या नेमणुकीचा लेखही लागतो. तुमचा हक्क असलाच तर तो लाभार्थी म्हणून, आणि किती ते डीडमध्येच लिहिलेलं असणार. डीडची प्रत आम्हाला अजून मिळालेली नाही.

आता आमची चूक. तुम्ही आणलेल्या सर्टिफिकेटांवरचे आकडे आम्ही जसेच्या तसे यादीत उतरवून वकिलांना दिले. आधी रजिस्ट्रारकडून फोलिओतली आजची शिल्लक मागवायला हवी होती. १० रुपये दर्शनी किमतीचे १०० शेअर, कंपनीने दर्शनी किंमत २ रुपये केली की ५०० होतात, पण घरातला कागद १०० च दाखवतो. कोर्टाचं सर्टिफिकेट १०० चं निघालं आणि रजिस्ट्रारने उरलेल्यांना हात लावला नाही. त्याच १९२५ च्या वारसा कायद्याच्या कलम ३७६ खाली यादी वाढवून घेण्यात दोन महिने गेले. त्या अर्जाचा वकिली आणि कोर्टाचा खर्च आम्ही सोसला आहे, पावती तुमच्या फाईलमध्ये लावलीय.

फी आधी घेतली ती कागद तयार करण्याची. आयईपीएफची, म्हणजे सरकारी निधीत गेलेले शेअर परत मिळवण्याच्या कामाची फी घेतलेली नाही. पण हे दोन्ही वेगळे असल्याचं पावतीवर लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तुमचा समज तसा होणं साहजिक आहे. पावतीत बदल केलाय.

राहिली ती एकच कंपनी, जिचा लाभांश सलग ७ वर्षं कुणी घेतला नाही आणि शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत गेले. त्या शेअरसाठी आधी आयएसआर-५ फॉर्मवर वारस म्हणून कंपनीची मान्यता आणि एन्टायटलमेंट लेटर (हक्क मान्य केल्याचं पत्र) घ्यायचं, मगच निधीकडे दाव्याचा ऑनलाइन आयईपीएफ-५ फॉर्म भरायचा. उलट क्रमाने भरलेला दावा फेटाळला जातो. त्या फॉर्मची छापील प्रत, मूळ इंडेम्निटी बाँड, पोचपावती आणि डीमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट (खात्याचा तपशील असलेला कागद) हे सगळं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या दाव्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. कंपनीने ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यानंतर ६० दिवसांत निकाल लागावा असा नियम आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, म्हणून तारीख मी देणार नाही.

फंड तुमच्या नावावर आले तरी ‘सगळे तुमचे नाहीत’ असं सांगून घाबरवलं, असंही लिहिलंय. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या नॉमिनीबद्दल म्हटलंय की नॉमिनी मालक होत नाही, वारसाहक्क वारसा कायद्यानेच ठरतो. फंडालाही तेच धरून चाला. आईला विचारल्याशिवाय युनिटं विकू नका, एवढंच आमचं म्हणणं होतं.

येताना ट्रस्ट डीड, तुमच्या डीमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट आणि आजींचं आधार घेऊन या. आजींना जिना चढवू नका, नोटरी घरी येतील.