जेनेरिक अँटिबायोटिकमध्ये औषध '८० टक्केच' असतं का?

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जेनेरिकबद्दल, म्हणजे मूळ औषधाचं पेटंट संपल्यावर इतर कंपन्या बनवतात त्या औषधांबद्दल, एक मेसेज फिरतोय. जेनेरिक अँटिबायोटिकमध्ये २० टक्के औषध कमी घालायला सरकारचीच परवानगी आहे. खात्री करायची तर कॅप्सूल पाण्यात टाका, विरघळत नाही. आपल्याकडे कुणी तपासतही नाही. म्हणून जेनेरिक असेल तर एकाऐवजी दोन घ्या. माझ्या मेडिकलमध्ये लोक मोबाइल पुढे करून हेच विचारतात.

आधी ते ८० टक्के. आकडा खरा आहे, पण तो कॅप्सूलमध्ये किती औषध भरलंय याचा नाही. त्याची मर्यादा औषधसंहितेत वेगळी दिलेली असते आणि ती ब्रँडलाही लागू असते. ८० ते १२५ टक्के ही मर्यादा बायोइक्विव्हॅलन्सच्या, म्हणजे दोन औषधं रक्तात सारखीच पोचतात का हे बघणाऱ्या चाचणीतली. निरोगी माणसांना एक औषध देतात, काही दिवस जाऊ देतात, मग दुसरं देतात आणि दोन्ही वेळा ठरावीक तासांनी रक्त घेतात. रक्तातली पातळी कुठवर चढली आणि एकूण औषध किती पोचलं, हे मूळ औषधाशी ताडून बघतात. नुसती सरासरी ८० च्या वर असून चालत नाही. मोजणीतली अनिश्चितता धरूनही सगळा पट्टा ८० ते १२५ च्या आत बसावा लागतो. सरासरी ८२ आली, तर पट्ट्याचं खालचं टोक बहुधा ८० च्या खाली घसरतं आणि औषध नापास. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १२ वर्षांतल्या अशा २,०७० चाचण्या पाहिल्या, तेव्हा एकूण पोचलेल्या औषधातला सरासरी फरक साधारण ३.५ टक्के निघाला.

शंका घेण्यात गैर काही नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकच्या काही जेनेरिक कॅप्सूल घेतल्यावर रक्तातली पातळी मूळ औषधाइतकी चढलीच नव्हती. अशा अनुभवांतूनच या चाचण्या आल्या.

पाण्याचा प्रयोग सोडून द्या. जिलेटिन माठातल्या गार पाण्यात फुगतं, बुळबुळीत होतं, पण विरघळत नाही. ब्रँडची कॅप्सूल टाकलीत तरी फुलपात्रात तसाच चिकट गोळा दिसेल. प्रयोगशाळेत पाणी ३७ अंशांवर ठेवतात, जाळी फिरती असते, वेळ ठरलेली असते.

'कुणी तपासत नाही' यात मात्र तथ्य आहे आणि ते मला सलतं. नीट न विरघळणाऱ्या ठरावीक गटांतल्या औषधांना आपल्याकडे परवान्यासाठी बायोइक्विव्हॅलन्सची चाचणी सक्तीची झाली ती एप्रिल २०१७ मध्ये. त्याआधी राज्यांकडून परवाने मिळालेली कितीतरी औषधं त्याशिवायच विकली गेली. त्यांचीही चाचणी व्हायलाच हवी. पण हा दोष एकट्या जेनेरिकच्या माथी मारता येत नाही. अमॉक्सिसिलिन या नेहमीच्या अँटिबायोटिकचं पेटंट केव्हाच संपलंय; आपण 'कंपनीचं' म्हणून घेतो ते बहुतेक नाव लावलेलं जेनेरिकच असतं, परवानाही त्याच नियमांखाली मिळालेला.

दोन-दोन कॅप्सूल तर कृपा करून घेऊ नका. जुलाब, उलट्या होतात. किडनीचा त्रास असलेल्यांना धोका जास्त. गुण येत नसेल तर औषधाची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा. ताप विषाणूचा असेल तर कुठल्याच कंपनीचं अँटिबायोटिक लागू पडणार नाही. आणि औषधाबद्दलच संशय असेल तर बिल जपून ठेवा. त्यावर बॅच नंबर असतो, तो देऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.