हातावरचा केकचा रंग आणि लिंबाचा सल्ला: एक प्रतिवाद

केक सजवून झाल्यावर बोटांवर उरणारे खाद्यरंगाचे डाग कसे काढावेत, याविषयीचा एक संदेश गेली काही वर्षे सतत फिरत आहे. मी केकसजावट शिकवते, त्यामुळे तो दर काही दिवसांनी कोणीतरी मला पाठवून ‘हे खरे आहे का?’ असे विचारते. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकूर साधारण असा असतो: खाद्यरंग त्वचेत मुरून रक्तात जातो, म्हणून त्याची खूणही उरू देऊ नये, लिंबू किंवा व्हिनेगर रंग ‘कापते’, लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यावर येणारा फेस डाग ओढून काढतो आणि त्यानंतर हात उन्हात धरल्यास उरलासुरला रंगही उडतो, तरीही डाग राहिला तर नेलपॉलिश रिमूव्हर, आणि शेवटी पाण्यात कालवलेले ब्लीच वापरावे, आणि एका धुण्यात न निघणारा रंग भेसळीचा असतो, कारण चांगल्या, नैसर्गिक रंगाचे डाग पडतच नाहीत. यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि दोन सल्ले तर धोकादायक आहेत.

पहिला मुद्दा रक्ताचा, कारण पुढच्या सगळ्या घाईचे मूळ त्या भीतीत आहे. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलीमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहूनही कमी असते. तळहातावर आणि बोटांच्या टोकांवर तो पुष्कळ जाड असतो. हातावर दिसणारा डाग या मृत थरात अडकलेला असतो. त्याच्या खाली सहजी उतरण्याजोगे हे रंग नसतात. निरोगी त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचा भार मोजण्याचे एकक) जड रेणू फारसे आत जात नाहीत, असा त्वचाविज्ञानातला ढोबळ नियम आहे. टार्ट्राझिन या पिवळ्या रंगाचा रेणूभार ५३४ आहे, ब्रिलियंट ब्लू या निळ्या रंगाचा ७९३ आहे, आणि अल्युरा रेड ४९६ वर, म्हणजे सीमेवरच आहे. शिवाय हे तिन्ही रंग पाण्यात विरघळले की त्यांच्या रेणूंवर ऋण विद्युतभार येतो आणि असे भारित रेणू त्वचेतल्या स्निग्ध पदार्थांतून वाट काढू शकत नाहीत.

शरीराची अडसर-भिंत तुटलेली असेल, तर मात्र चित्र बदलते. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नळीद्वारे दिल्या जाणाऱ्या अन्नात निळा रंग मिसळण्याविरुद्ध इशारा दिला होता, कारण काही अत्यवस्थ रुग्णांच्या शरीरात तो रंग शोषला गेल्याचे आढळले होते. ती गोष्ट आतड्यांची आणि गंभीर आजाराची होती, तिचा बोटांवरच्या डागाशी थेट संबंध नाही. पण तिच्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: काळजी रंगाची नव्हे, अडसराची करायची असते. जो माणूस रक्तात रंग जाईल या भीतीने हात सोलेपर्यंत घासतो, तो नेमका तोच अडसर फोडत असतो.

आता लिंबू आणि व्हिनेगर. या मुद्द्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण संदेशातली सर्वांत निरुपद्रवी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात रसायनशास्त्राच्या अगदी उलट दिशेने जाते. वर सांगितलेले बहुतेक कृत्रिम खाद्यरंग ज्या कुळातले आहेत, त्याला कापड रंगवणारे लोक आम्लरंग म्हणतात. टार्ट्राझिनचे रंगकामातले नाव ‘ॲसिड यलो २३’ आणि ब्रिलियंट ब्लूचे ‘ॲसिड ब्लू ९’ असे आहे. आम्लरंग हे नाव त्यांना मिळाले ते त्यांच्या वापराच्या रीतीवरून: लोकर आणि रेशीम यांवर हे रंग पक्के चढावेत म्हणून रंगाच्या पाण्यात मुद्दाम आम्ल घालतात, आणि घरगुती रंगकामात ते आम्ल म्हणजे व्हिनेगरच असते. लोकर हा प्राण्याचा केस आहे. केस, नखे आणि त्वचेचा वरचा मृत थर या तिन्हींचा मुख्य घटक केरॅटिन हे एकच प्रथिन आहे. आम्ल मिळाले की या प्रथिनावर धनभार वाढतो आणि ऋणभारित रंग त्याला अधिक घट्ट धरतो.

ज्यांना हे पडताळून पाहायचे असेल त्यांनी पांढऱ्या, खऱ्या लोकरीचे दोन तुकडे घ्यावेत, सारख्याच प्रमाणात खाद्यरंग घातलेल्या गरम पाण्याच्या दोन वाट्यांत ते बुडवावेत आणि एका वाटीत दोन चमचे व्हिनेगर घालावे. अर्ध्या तासाने कोणत्या वाटीतले पाणी अधिक फिके आणि कोणता धागा अधिक गडद झाला आहे, हे डोळ्यांनीच दिसेल. सुती कापडाचे तुकडे घातले, तर मात्र त्यांतला रंग बऱ्याच अंशी धुऊन निघेल, कारण सुतात केरॅटिन नसते. सुती ॲप्रन धुतल्यावर स्वच्छ होतो आणि बोटे मात्र दोन दिवस निळी राहतात, यामागचे मोठे कारण तेच आहे.

बोटांवर लोकरीइतका पक्का रंग चढत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. लोकर रंगवताना पाणी बराच वेळ तापते ठेवावे लागते, हातांच्या बाबतीत ते घडत नाही. म्हणूनच लिंबू चोळल्यावर डाग थोडा फिका झाल्याचा अनुभव अनेकांना येतो आणि तो खोटा नसतो. पण ते काम केले चोळण्याने, रसातल्या पाण्याने आणि नंतर लावलेल्या साबणाने. आम्लाचा त्यात हातभार नव्हता. असलाच तर अडथळाच होता. बोटांना भेगा असतील किंवा नखांच्या कडा सोललेल्या असतील, तर त्या रसाने होणारी आग वेगळी.

लिंबू आणि सोड्याच्या फेसाविषयी थोडक्यात सांगता येईल. खाण्याचा सोडा सौम्य आम्लारीधर्मी असतो, लिंबाचा रस आम्लधर्मी असतो, आणि दोघे भेटले की एकमेकांना निकामी करतात. फेस म्हणजे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरते ते सोडियम सायट्रेटचे खारट पाणी. फेस जितका जोरदार, तितके दोन्ही पदार्थ वाया गेलेले असतात.

खरी हानी त्याच्या पुढच्या वाक्यात आहे. लिंबूवर्गीय फळांच्या रसात आणि विशेषतः सालीत फ्युरोकुमारिन नावाची संयुगे असतात. ती त्वचेवर असताना सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पडले, तर भाजल्यासारखी प्रतिक्रिया होते. ती लगेच जाणवत नाही. साधारण एका दिवसानंतर लाली आणि जळजळ सुरू होते, काहींना मोठे फोड येतात, आणि ते बसल्यावर मागे राहणारे तपकिरी चट्टे आठवडे, कधी कधी महिने टिकतात. दोन-तीन दिवसांत आपोआप जाणाऱ्या निळ्या डागासाठी काही महिन्यांचा तपकिरी डाग पत्करायचा, असा हा सौदा आहे. लहान मुलांच्या हातावर लिंबू चोळून त्यांना उन्हात बसवा, असे लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल. पण ज्यांना माहीत आहे त्यांनी तो संदेश पुढे पाठवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नेलपॉलिश रिमूव्हरमधले ॲसिटोन नखांवरचा लेप विरघळवते, म्हणून ते कोणताही रंग विरघळवेल असा समज होतो. पाण्यात विरघळणारे खाद्यरंग शुद्ध ॲसिटोनमध्ये फारसे विरघळत नाहीत. त्वचेतला तेलकटपणा मात्र ते काढून नेते, बोटे पांढरी आणि कोरडी पडतात, आणि कोरडी, तडकलेली त्वचा पुढच्या वेळी रंग अधिक धरते. शिवाय ॲसिटोन झटकन पेटते, आणि हे सारे स्वयंपाकघरात, शेगडीच्या जवळ चालू असते.

ब्लीच रंग घालवते, हे खरे आहे. त्यातले सोडियम हायपोक्लोराइट रंगाच्या रेणूची रचनाच मोडते. पण ते रंगाचा रेणू आणि हाताचे केरॅटिन असा भेद करत नाही. ब्लीच तीव्र आम्लारीधर्मी असते. ते लागल्यावर बोटे बुळबुळीत वाटतात, ती स्वच्छतेची खूण नसून त्वचेतले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने विरघळू लागल्याची खूण आहे. त्याहून गंभीर गोष्ट ही की, हा संदेश आधी व्हिनेगर चोळायला सांगतो आणि ते जमले नाही तर ब्लीच घ्यायला सांगतो. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. व्हिनेगरची वाटी शेजारी असताना, बेसिनवर वाकून, बंद स्वयंपाकघरात ब्लीच ओतणे हा अपघाताला दिलेला निमंत्रणाचा प्रकार आहे. हातांवरील डागांसाठी ब्लीच कोणत्याही प्रमाणात वापरू नये.

आता भेसळीचा आरोप. रंग त्वचेवर किती काळ टिकतो, यावरून त्याची शुद्धता ठरत नाही. मान्यताप्राप्त रंगही केरॅटिनला धरतात, हे वर आलेच आहे, आणि जेल रंग तर मुद्दाम अतिशय घट्ट बनवलेले असतात. त्यांचा एक थेंब वाटीभर आयसिंग रंगवतो, मग तो बोटावर सांडल्यास बोट का रंगणार नाही? नैसर्गिक रंगाचे डाग पडत नाहीत, हे तर कोणीही हळद हाताळून तपासू शकतो. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते नुसत्या पाण्याने निघत नाही, आणि आम्लारीधर्मी सोडा किंवा साबण लागला की ते लालसर होते. हा डाग तेलाने सैल करावा लागतो. रंग खरा की खोटा, हे जाणून घ्यायचे असेल तर डबीवरचे घटक आणि परवाना वाचावा. बोटे त्याची साक्ष देऊ शकत नाहीत.

मग करावे काय, हा प्रश्न रास्त आहे, विशेषतः रंगलेल्या बोटांनी पुढचा पांढरा फॉन्डंट मळायचा असेल तेव्हा. आधी कोरड्या कागदाने बटरक्रीम पुसून घ्यावे, कारण त्यातल्या स्निग्धांशात रंग धरलेला असतो आणि पाणी लागले की तो हातभर पसरतो. मग भांडी घासण्याचा द्रव साबण कोरड्या हातांवरच चोळून, नंतर कोमट पाण्याने धुवावे, आणि हे दोन-तीन वेळा करावे. चॉकलेटसाठीचे तेलात मिसळणारे रंग वापरले असतील, तर क्रम उलटा ठेवावा: आधी खाण्याचे तेल, मग साबण. त्या रंगांतले ‘लेक’ प्रकारचे कण पाण्यात विरघळतच नाहीत, ते त्वचेवर भुकटीसारखे बसलेले असतात आणि तेलाने उचलले जातात.

उरलेल्या डागावर, मोठ्या माणसाच्या तळहातापुरता, साबणाच्या फेसात चिमूटभर खाण्याचा सोडा घेऊन हलक्या हाताने एकदाच चोळण्यास हरकत नाही, पण त्यात लिंबू नको. शाबूत त्वचेवर हँड सॅनिटायझरचा कापूसही काही रंग उचलतो, कारण त्यात अल्कोहोलबरोबर पाणीही असते. तो शेगडीपासून दूर आणि चेहऱ्यापासून लांब ठेवावा. मुलांच्या ओठांभोवतीच्या डागांना साबण, कोमट पाणी आणि मऊ कापड यापलीकडे काहीही लावू नये. शेवटी हातांना मलम लावावे.

डाग पडूच नये यासाठी गडद रंग कालवताना हातमोजे घालावेत, किंवा निदान नखांच्या कडांना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, कारण तिथली त्वचा जाड आणि खरखरीत असल्याने रंग सर्वांत जास्त तिथेच अडकतो. बटरक्रीमचा लाल किंवा काळा रंग काही तासांत आपोआप गडद होतो, त्यामुळे आदल्या दिवशी थोडा फिका कालवून ठेवल्यास रंग कमी लागतो आणि हातांना व खाणाऱ्यांच्या ओठांनाही कमी लागतो. एवढे करूनही नखाच्या कडेला निळी रेघ उरली, तर तिला तशीच राहू द्यावी. मृत पेशींचा तो थर रोज झडतच असतो आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ण नवा होतो; रंग त्याच्या वरच्या पापुद्र्यांत असल्याने तो त्याच्या बराच आधी निघून जातो.