दादा म्हणजे बहीण

आमच्या चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर दोन आठवडे एकच भांडण चाललं आहे. सुरुवात झाली एका फिरत आलेल्या संदेशाने: ‘रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला भैया म्हणू नका, दादा म्हणा. भैया म्हणून म्हणूनच मराठीवर ही पाळी आली.’ पुण्यातल्या चुलतभावाने त्यावर लगेच शपथच घेतली. ठाण्याची मावसबहीण म्हणाली, आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला जौनपूरचा आहे, दादा म्हटलं तर तो मान वर करत नाही. मग त्याला मराठी आलीच पाहिजे, नाही आली तर त्याचं काय करायचं, यावर गाडी गेली. मी इथे नैरोबीच्या पार्कलँड्स भागात पोळ्या लाटता लाटता हे सगळं वाचत होते. शेवटी राहवलं नाही, पिठाच्या हाताने एक ओळ लिहिली: ‘नैरोबीत बाजारात मला दादा म्हणतात. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण.’

चुलतभावाचं उत्तर लगेच आलं. ‘बघ! आपला शब्द आफ्रिकेपर्यंत पोचला.’

त्या उत्तराचा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

आपले शब्द इथे पोचलेले आहेत, ते मी नाकारत नाही. मोटारीला इथे गारी म्हणतात, लाखाला लाकी, विम्याला बीमा. कोथिंबीर म्हणजे दानिया. पैसा म्हणजे पेसा, आणि मोबाइलवरून पैसे देण्याच्या एम-पेसाशिवाय माझा एक दिवस जात नाही. १९२० पर्यंत इथे चलनात रुपयाच होता. पण हे शब्द मालाबरोबर, नाण्याबरोबर आले, त्यांची वाट दिसते. ती वाट पाडली कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांनी आणि रेल्वे बांधायला आणलेल्या पंजाबी मजुरांनी. त्यात मराठीचा वाटा थोडा. जो चुलतभाऊ मुंबईतल्या गुजराती दुकानदाराला परका म्हणतो, त्यालाच त्या दुकानदाराच्या पणजोबांनी मोंबासाला नेलेला शब्द ‘आपला’ वाटतो, हे मला सहन होत नाही. आणि दादाचं म्हणाल, तर भाऊ म्हणून निघालेला शब्द बहीण होऊन कुठल्या गलबतातून उतरला असेल?

स्वाहिलीत बाबा म्हणजे वडीलच. पण मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ, बाबू म्हणजे आजोबा. माझा मुलगा बेबी क्लासला होता तेव्हा एके दिवशी त्याला न्यायला मला उशीर झाला. बाईंनी त्याला विचारलं, ‘मामा युको वापी?’ म्हणजे आई कुठे आहे? त्याने खरं तेच सांगितलं: कराडला. बाईंनी घाबरून मला फोन केला, आई मुलाला टाकून कुठे परगावी गेली की काय म्हणून. त्याचा मामा खरोखरच कराडला असतो.

रोमान याकबसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने याचा उलगडा साठेक वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. तान्ह्या मुलाला जे आवाज सहज जमतात ते थोडेच: मा, पा, बा, ता, दा. ओठ मिटले, उघडले, जीभ दातांमागे टेकली की झालं. मूल ते आवाज नुसते घोळवत असतं, पाळण्यावर वाकलेली माणसं ते आपापल्या अंगाला लावून घेतात. कुठे आईने ‘मा’ घेतलं, कुठे बापाने. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील आणि देदा म्हणजे आई. भाषेचं कूळ पाहिलं तर त्यांचा आपल्याशी काही संबंध नाही, स्वाहिलीचा आपल्याशी नाही, स्वाहिलीचा जॉर्जियनशीही नाही. पाळणा मात्र सगळीकडे हलतो, आणि त्याच्याभोवती कोण उभं होतं ते त्या त्या घरावर.

लांब कशाला जायचं? बंगालीत दादा म्हणजे थोरला भाऊ, तो आपल्यासारखाच. हिंदीत दादा म्हणजे वडिलांचे वडील. म्हणजे ठाण्याच्या कोपऱ्यावरचा तो पंचवीस-तीस वर्षांचा माणूस मान वर करत नाही, कारण त्याच्या कानाला ती हाक आजोबांना मारलेली असते. आणि त्याच्या बोलीत भैया म्हणजे काय? थोरला भाऊ. आपण ज्याला दादा म्हणतो तोच. दोन्ही शब्दांचा अर्थ एक, मान एक, आणि त्यापायी भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झालीत. भैया हा शब्द हलका केला तो आपण मुंबईकरांनी आणि पुणेकरांनी, दूधवाल्याला आणि टॅक्सीवाल्याला त्या सुरात हाक मारून मारून. आता त्याच शब्दाची आपल्याला लाज वाटते, आणि त्या लाजेचा दंडही आपण त्यालाच भरायला लावतो आहोत. दादा हा शब्द तरी आपण कुठे जपला? चाळीत हप्ता मागायला येई तोही दादाच, आणि तो जे करी त्याला दादागिरी हा शब्द आपल्याकडेही रुळला.

ग्रुपवर मला सांगितलं गेलं, तुझं तिथे बसून बरं आहे. पहिलीपासून हिंदीचा तो निर्णय आला, २०२५ च्या जूनअखेर तो मागे घ्यावा लागला, तेव्हा रस्त्यावर आम्ही होतो, तू नव्हतीस. हे खरं आहे. त्या निर्णयाला माझाही विरोध होता आणि आहे. सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादू नये. पण सरकारच्या फतव्याशी लढणं वेगळं आणि दुकानात उभ्या असलेल्या एकट्या माणसाकडून एक शब्द म्हणवून घेणं वेगळं. मी ज्या देशात राहते तिथे मटाटूचा, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसचा, कंडक्टर घरी किकुयू किंवा लुओ बोलतो, रस्त्यावर स्वाहिली, पोलिसाशी इंग्रजी, आणि त्याचं कुणाला कौतुकही वाटत नाही. सोळा वर्षं मी इथे मोडकी स्वाहिली बोलते आहे. क्रियापदाच्या सुरुवातीचं अक्षर माझं हमखास चुकतं. आजवर एकानेही मला, आधी नीट बोल मग भेंडी घे, असं म्हटलेलं नाही.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २००७ च्या डिसेंबरात निवडणूक झाली आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत हजाराहून जास्त माणसं मारली गेली. मी आले तेव्हा लोक त्याबद्दल हळू आवाजात बोलत. त्या दोन महिन्यांत रस्ते अडवले जात, ओळखपत्र मागितलं जाई, नावावरून जमात ठरे आणि जमातीवरून पुढचं. आमच्या वरच्या मजल्यावर एक गुजराती आजी राहतात. १९७२ साली युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्यात त्या कंपालाहून एका बॅगेनिशी निघाल्या. ज्याने सोडायला सांगितलं त्याचं नाव इदी अमीन दादा. ते नाव त्या आजही पूर्ण घेत नाहीत. कुणी परका आहे की आपला, हे कागदावरून किंवा उच्चारावरून ठरवायला लागलं की ते कुठवर जातं, हे माझ्या जिन्यात राहणाऱ्या बाईला माहीत आहे. म्हणून ग्रुपवर ‘म्हणायलाच लावलं पाहिजे’ हे वाक्य आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

नात्याचा शब्द वापरला म्हणजे नातं आलं, असंही नाही. इथे घरकामाच्या बाईला दादा वा काझी म्हणतात, कामाची ताई. आपण मावशी म्हणतो. माझ्याकडे येते ती किटुईची आहे, मी तिला दादा म्हणते आणि ती मला मामा. आम्ही दोघी एकमेकींना एवढ्या जवळच्या नात्याने हाक मारतो, पण ती डब्यातली पोळी ओट्याशी उभी राहून खाते आणि मी टेबलावर. बस म्हटलं तरी ती बसत नाही, आणि मी दुसऱ्यांदा म्हणत नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण चुलतभावाला शिकवायला निघाले आहे तर हेही सांगायला हवं.

आणखी एक सांगायला हवं. गेल्या डिसेंबरात पुणे स्टेशनला उतरले, दोन बॅगा, झोप झालेली नाही, आणि तोंडातून निघालं, ‘भैया, कोथरूड चलोगे?’ रिक्षावाला साठीचा होता. तो म्हणाला, ‘बसा ताई, जाऊ की.’ आमच्या साताऱ्याकडचाच सूर. सगळा रस्ता मी गप्प बसून होते. मला त्याला सांगायचं होतं की मी मराठीच आहे, कराडची, पण इतक्या उशिरा ते कसं सांगायचं ते सुचेना. चुलतभावाला मी चुकीचा ठरवते आहे खरी, पण त्याला जी भीती वाटते ती त्या रिक्षात माझ्या शेजारी बसली होती. माझा मुलगा मला ‘ममी’ म्हणतो आणि उत्तरं इंग्रजीत देतो. कराडच्या घरात आता मला पाहुण्यांचा कप देतात.

त्या घरात दादा म्हणजे माझे वडील. ते भावंडांत थोरले. सगळे काका त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादा म्हणायला शिकलो, आणि मग दुकानात येणारी गिऱ्हाईकंही. बाबा म्हणून हाक मारल्याचं मला एकदाही आठवत नाही. त्यांनी आतल्या खोलीत हाक मारली की कामात असलो तरी आधी ओ द्यायची, मग हातातलं ठेवायचं, अशी शिस्त होती. ओ नाही दिली तर ते दुसऱ्यांदा हाक मारत नसत, स्वतः उठून येत, आणि ते जास्त लागायचं.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. मी पोचले तोवर सगळं उरकलेलं होतं. तेराव्यानंतर परत आले आणि दुसऱ्याच दिवशी सिटी पार्क मार्केटला गेले, कारण घरात भाजी नव्हती. माझी नेहमीची भाजीवाली मेथी, दुधी, कारली ही नावं घेऊन विकते. एवढे दिवस कुठे होतीस, तिने विचारलं. मी सांगितलं, बाबा वारले. तिने हातातला चाकू खाली ठेवला, पेसा नको म्हणून दानियाची एक जुडी माझ्या पिशवीत घातली आणि माझा हात धरून म्हणाली, ‘पोले साना, दादा.’

मी ओ दिली.