रसेल यांच्या किटलीबद्दल खुलासा

‘ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी किटलीच्या उदाहरणाने देव नाही हे सिद्ध केलं’ हा मेसेज मीही पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे. त्यांच्या १९५२च्या लेखात मुद्दा वेगळाच आहे: पृथ्वी आणि मंगळाच्या मधे, दुर्बिणीलाही न दिसणारी एक इवलीशी किटली सूर्याभोवती फिरते, असं कुणी म्हटलं, तर ते खोडता येत नाही म्हणून खरं मानायचं का? पुरावा दावा करणाऱ्याने द्यायचा. (‘देव नाहीच’ हाही दावाच की!) १९४८मध्ये बीबीसीवर कॅथलिक धर्मगुरू कॉपलस्टन यांनी ‘देव नाही हे सिद्ध करता येतं का?’ असं थेट विचारलं, तेव्हा रसेल यांनी आपली भूमिका अज्ञेयवादी (देव आहे की नाही, हे ठामपणे सांगता येत नाही, अशी) असल्याचं सांगितलं होतं. मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.