मे महिन्यात परभणीत दव पडतं म्हणे!

"सर, सकाळचं दव असतंय ते. टेन्शन घेऊ नका."

मे महिना, परभणी, पारा 43 वर. रात्री अकराला अंगणातली फरशी पायाला पोळते आणि माझ्या गाडीच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या पांढऱ्या धुराला हा मिस्त्री दव म्हणतोय! अरे बाबा, दोन तास पळून आल्यावरही तोच धूर निघतोय. तेव्हा कुठलं दव?

गाडी अण्णांची. 1986 ची प्रीमिअर पद्मिनी, 1089 सीसी. अण्णा गेले, गाडी राहिली आणि मी ती भंगारात घातली नाही, हा माझा गुन्हा. जिंतूरला जाऊन आलं की रेडिएटरात अर्धा लिटर पाणी कमी. खाली थेंब नाही, होज कोरडे, पंपही कोरडा. मग पाणी जातंय कुठं? एवढा साधा प्रश्न तीन गॅरेजांत एकालाही पडला नाही. एक म्हणाला रेडिएटर चोक आहे, तो उतरवून साफ केला. दुसऱ्यानं पंप बदलला. तिसऱ्यानं थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढून फेकला, "आपल्याकडच्या उन्हात कशाला लागतंय ते?" 4,700 रुपये गेले. पाणी जातच राहिलं.

शेवटी एका रविवारी मीच बॉनेट उघडलं. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली आणि थोडी रेस दिली. तोंडाशी सोड्याची बाटली फोडल्यासारखे बुडबुडे! सिलिंडरमधला जळलेला गॅस पाण्यात घुसत होता. मग प्लग काढले. बाकीचे काळपट आणि तीन नंबरचा मात्र चिंचेनं घासून ठेवलेल्या तांब्यासारखा लख्ख, वाफेनं धुतलेला. डिपस्टिक ओढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधलं पॅकिंग, गेलं होतं, आणि हे कळायला एक प्लगपाना आणि वीस मिनिटं लागली. या भल्या माणसांनी तसल्या ऑइलवर मला महिनाभर गाडी पळवू दिली. बेअरिंगं कशी वाचली ते देव जाणे.

थोडं माझंही चुकलं, ते लिहितो. वर्षानुवर्षं रेडिएटरात बोअरचं पाणी ओतलं. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे कूलरच्या जाळीवर एका हंगामात पांढरी खपली धरणारं. तीच खपली इंजिनातल्या पाण्याच्या वाटांत धरली, गाडी तापत गेली, गॅस्केट भाजलं. कबूल. पण पुढचं मी नाही केलं.

त्याच दववाल्या मिस्त्रीकडून हेड उतरवलं. गॅस्केटवर तीन नंबरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत काळी जळकी रेघ, बोटाच्या पेराएवढी. म्हटलं, उस्ताद, हेड फेसिंगला टाका, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून आणा. या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. तापलं की हेड वाकणारच, निदान पट्टी लावून फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्तीनं, बघा तरी. तर म्हणे, "डोळ्यानं दिसतंय की सर, सपाट हाय." पॉलिश पेपर फिरवला, नवं पॅकिंग ठेवलं आणि लागला नट आवळायला. एका टोकाकडून! पहिल्याच फेरीत फुल्ल! मधून सुरू करून बाहेर यायचं असतं, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं. टॉर्क पाना कुठाय विचारलं तर दंडावर थाप मारून हसला. "हाच आपला टॉर्क. तीस वर्षं झाली." बाजूला चहा पीत बसलेले दोघेही हसले. मी येडा ठरलो.

बाराव्या दिवशी मानवत रोडला गाडी पुन्हा वाफ सोडत उभी! बायको आणि पोरगं बाभळीखाली, मी हातात रिकामी बाटली घेऊन. फोन केला तर काय म्हणावं? "पॅकिंगच डुप्लिकेट निघालं सर, कंपनी बंद झाली ना, असंच होतंय." म्हणजे दव खोटं, पॅकिंग खोटं, फक्त याचा दंड खरा!

काल परत हेड उतरवलं. स्टीलची पट्टी आडवी ठेवून मध्ये 0.15 मिलिमीटरची गेजपत्ती सरकवली, सहज गेली. त्याला दाखवली. दोनदा आत-बाहेर करून बघितली त्यानं आणि म्हणाला, "एवढं तर चालतंय."

हेड आता घरी ओसरीवर पोत्यात गुंडाळून ठेवलंय. टॉर्क पाना मीच मागवलाय. उद्या हेड घेऊन फेसिंगवाल्याकडे जाणार, तिथंच स्टूल टाकून बसणार, आणि पट्टीखालून पत्ती जायची बंद झाल्याशिवाय उठणार नाही. येडा तर येडा.