प्रवरेचा इतिहास नक्की कोणत्या सालापासून?

पावसाने ओढ दिली की ऑक्टोबरात नगरच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्यावरून रान पेटतं, आणि जो तो प्रवरा नदीचा इतिहास आपल्या सोयीच्या सालापासून सांगायला लागतो. श्रीरामपूर-राहात्याचा बागायतदार १९२६ पासून सुरू करतो, कारण त्या साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. मराठवाड्यातली मंडळी समन्यायी पाणीवाटपाचा २००५ चा कायदा पुढे करतात. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या माणसाला मात्र कोणी विचारतच नाही.

माझं म्हणणं, सुरुवात पावसापासून करा. रतनगडाच्या अंगावर उगम पावणारी ही नदी जेमतेम दोनशे किलोमीटर वाहते आणि प्रवरासंगमला गोदावरीत मिळते. घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून उतरून संगमनेरला या, तोच आकडा पाचशेच्या आत-बाहेर. म्हणजे खालच्या खोऱ्यातली सुपीक काळी माती नेहमीच वरच्या, परक्या पावसावर अवलंबून. या नदीकाठची सगळी भांडणं, सगळी श्रीमंती आणि माझ्या मते सगळा इतिहास या एका फरकातून आलाय.

तो इतिहास केवढा जुना आहे बघा. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं. तांबूस मातीची, वर काळ्या रंगाची नक्षी असलेली, टिचकी मारली तर खणखणणारी भांडी निघाली. तोटीचं भांडं ही तर त्यांची खास ओळख. पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी अशी भांडी सापडली आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सगळ्या काळालाच ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव पडलं. आज त्या गावावरून जाणाऱ्या किती गाड्यांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

खाली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार ओतीव वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथात हाकणारा माणूस उभा आहे. सगळ्यांचं वजन मिळून साठ किलोच्या वर! त्या नेमक्या कोणत्या काळातल्या यावर अभ्यासकांत वाद आहे, पण हे गाव हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाशी जोडलेलं होतं, हे तिथल्या थरांवरून दिसतं. मला रथापेक्षा त्या काळच्या घरांच्या जमिनी जास्त अस्वस्थ करतात. मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात लेकरू, आणि ते घरातच पुरायचं.

आणि मग इसवीसनपूर्व १००० च्या सुमारास दायमाबाद ओस पडलं. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी त्याचं कारण घटत गेलेल्या पावसात शोधलं. कारणं आणखीही असतील, पण मला हे पटतं. वरचा पाऊस आटला की खालचं गाव उठतं.

नेवाशाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी इथे लिहून झाली. पण शेवटच्या ओव्या काढून बघा, ठिकाण सांगताना नाव येतं गोदावरीचं. नेवासं प्रवरेच्या काठावर, आणि मान मोठ्या बहिणीला! (संगमनेरकर हिला अमृतवाहिनी म्हणून ती कसर भरून काढतात.)

इंग्रजांनी १९१० मध्ये भंडारदऱ्याचं काम काढलं. तिथे अडवलेलं अकरा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पाटांनी खाली जातं. त्यावर ऊस आला, उसावर १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीचा सहकारी कारखाना उभा केला. हे कर्तृत्वच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या ते महादेव कोळी आणि ठाकर या कर्तृत्वाच्या यादीत कुठे आहेत? भंडारदऱ्याखालच्या निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी दुष्काळी गावांनी दशकानुदशकं वाट पाहिली. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २०२३ मध्ये.

आता वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं हे ठरवणाऱ्या मेंढेगिरी समितीचं सूत्र बघा: १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. तत्त्व म्हणून मी याच्या बाजूने आहे, नगरचा असूनही. नदी तालुक्याची हद्द बघून वाहत नाही. (शिव्या कमेंटमध्ये द्या.) पण मग समन्याय फक्त धरणाखालीच का? रतनवाडी-घाटघरच्या पट्ट्यात मे महिन्यात बायका हंडा घेऊन उतरणी उतरतात, त्यांचा टक्का कोणत्या तक्त्यात मांडलाय? आवर्तनाची (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीची) तारीख ठरवायला बैठका होतात, तिथे कारखानदार असतात, पाणीवापर संस्था असतात, आमदार असतात. यंदा वरच्या आदिवासी गावांतले दोन सरपंच त्या टेबलावर बसवा, आणि बैठकीची सुरुवात त्यांच्या म्हणण्याने करा.