‘मिरवायची हौस’ काढणाऱ्या वाचकास

निनावी महोदय (की महोदया, कळायला मार्ग नाही),

दक्षिण सुदानवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “डॉक्टरबाई, आफ्रिकेत मिरवायची हौस फिटली असेल तर आता मेळघाटातली पोरं बघा. तुम्ही नसताना तुमचे पेशंट कुणी बघितले? आणि तुमच्यासारखे पाहुणे परतल्यावर तिथला दवाखाना कोण चालवतं?”

टीकेला माझी ना नाही, गेली कित्येक वर्षं ऐकतेच आहे. पण ही भाषा? घरी आईवडिलांशीही असंच बोलता का?

लेखातले फोटो जरा जास्त झाले, हे मान्य. दोन-चार कमी चालले असते.

आता मिरवण्याबद्दल. दक्षिण सुदानमधल्या अवेल शहरातल्या सरकारी रुग्णालयातला मुलांचा विभाग एमएसएफ, म्हणजे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या मदतीने चालतो. पावसाळ्यात मलेरिया उसळला की एका खाटेवर दोन-दोन पोरं. झटके येत असलेलं मूल आणलं की आधी रक्तातली साखर बघायची, उतरली असेल तर शिरेतून ग्लुकोज, मग मलेरियावरचं आर्टेसुनेटचं इंजेक्शन. पुन्हा 12 तासांनी, पुन्हा 24 तासांनी. हिमोग्लोबिन तीन-चारवर आलेलं असतं, म्हणजे रक्त हवंच, आणि ते बहुतेकदा नातेवाइकांकडूनच मिळवायचं. एका रात्री बापाचा गट जुळेना, मामा गुरं घेऊन लांब गेलेला. शेवटी आमच्याच ड्युटीवरच्या नर्सने बाटली दिली आणि परत येऊन सलाइनचे थेंब मोजत बसला. यात कुठे मिरवायचं, ते तुम्हीच दाखवा.

आणि मेळघाट तुम्ही मला सांगावं? डॉक्टरकीनंतरच्या सरकारी सेवेचा माझा बॉण्ड मी मेळघाटातल्याच धारणी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरा केलाय. पैसे भरून सुटता येत होतं, बॅचमधले बरेच सुटलेही. माझे वडील एसटीत कंडक्टर. हौसमौज परवडणारं घर नव्हतं आमचं. कुपोषण मोजायला पोराच्या दंडाला गुंडाळायची पट्टी, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, ती मी पहिल्यांदा अंगणवाडीच्या ओसरीवर हातात धरली, अवेलमध्ये नव्हे. कोरकू आईला ‘याला भरती करू’ म्हटलं की ती विचारायची, घरची बाकीची पोरं कोण सांभाळणार, निंदणीला कोण जाणार? अवेलची डिंका जमातीची आईही दुभाष्यामार्फत हेच विचारते. एकीला बघितलं म्हणून दुसरीवर अन्याय होतो, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

माझ्या पेशंटचं म्हणाल तर त्यांची सोय लावूनच गेले होते. आम्ही परतल्यावर तिथे काय, हा मोठा विषय आहे. तिथले नर्स आणि क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसले तरी तपासणी-उपचार करणारे प्रशिक्षित लोक) खंबीर आहेत, एवढं पुरे. त्यावर इथे काथ्याकूट नको.

तुम्ही स्वतः मेळघाटात शेवटचे कधी गेला होतात, तेवढं मात्र जरूर कळवा. यावेळी नावासकट.